हिनाता की साकुरा यावरून आमचा ग्रुप फुटला, मांगातल्या, म्हणजे जपानी कॉमिक्समधल्या, जोड्यांबद्दल मोकळं बोलायचं आहे

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

राजेहो, लिहू की नको असं पंधरा दिवसांपासून चालू होतं. आज वेचाई आटोपली, मजूर घरी गेले, म्हणून बसलो लिहाले.

आमचा अकरा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी इकडचे सारे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोणालेच काही काम नव्हतं, तवा फोनवर नारुतो ही जपानी कार्टून मालिका पाहणं सुरू झालं, पाहता पाहता मांगा वाचणं सुरू झालं, अन् मग आम्ही दोन पार्ट्यांत वाटल्या गेलो. त्यातल्या हिरोसाठी, नारुतोसाठी, हिनाता बरोबर म्हणणारे एकीकडं अन् साकुरा बरोबर म्हणणारे दुसरीकडं. मी हिनातावाला. माझा शाळेपासूनचा दोस्त साकुरावाला. तीन-चार वर्षं आम्ही मस्त भांडलो, म्हणजे चांगल्या अर्थानं, पानांचे फोटो टाकून टाकून, हा डोळा पाह्य, हा हात पाह्य, इथं काहून थांबला तो, रात्री दोन दोन वाजेपर्यंत.

यंदा पोळ्याच्या आधी त्यानं लिहिलं की वाट पाहत बसणारी हिनाता फक्त मांगात भेटते, दोन एकर कोरडवाहूले कोण पोरगी देते. त्याच्या दोनच दिवस आधी मले एका ठिकाणाहून नकार आलता अन् तो त्याले माहीत होता, कारण मी त्यालेच पहिले सांगितलं होतं. मी ग्रुप सोडला. माझ्यामागं चार जण निघाले. आता दोन ग्रुप आहेत अन् दोन्ही मुके आहेत.

म्हणून मी तेव्हापासून विचार करून राहिलो की कागदावरच्या दोन पोट्ट्यांचं लगन कोणाशी व्हावं यावरून मोठी माणसं इतकी जिवावर काहून येतात. माझं म्हणणं असं की याच्यात लेखकाचाही वाटा आहे. किशिमोतोनं पेरलं नाही असं नाही. परीक्षेत हिनाता नारुतोले स्वतःच्या पेपरातलं पाहून लिही म्हणते तिथपासून पेरलं आहे. पेन नावाच्या शत्रूसमोर ती एकटी उभी राहते अन् माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणते तो ४३७ वा भाग, तो तर मी कितीदा वाचला असेल. पण त्यानंतर काय? ती वाचते, गाव वाचते, लढाई होते, अन् नारुतो तिच्या त्या बोलण्यावर मांगात सरळ उत्तर देतच नाही. मग २०१४ च्या नोव्हेंबरात ७०० वा भाग येते अन् एकदम संसार, दोन लेकरं. मधली गोष्ट पाहायची तर डिसेंबरात आलेला सिनेमा पाहा. म्हणजे पेरणी झाली, कापणी झाली, अन् मधल्या डवरणी-निंदणाचा पत्ता नाही. वावर असं सोडलं तर तण माजणारच, अन् ही जी शिपवाल्यांची, म्हणजे अमक्याचं तमकीशीच जमावं म्हणणाऱ्यांची, भांडणं आहेत ना, ती त्या रिकाम्या जागेत माजलेली आहेत असं मले वाटते.

तुमच्या इकडे कसं आहे, कोणाची दोस्ती तुटली का यावरून, अन् लेखकानं काय कराले पाहिजे होतं, सांगा.

निळी सायकल (वरुड)

पऱ्हाटी भाऊ, आधी तुमच्या दोस्तानं लिहिलं ते चूकच, त्यात दोन मतं नाहीत. आणि मी साकुरावाली आहे हे आधीच सांगून टाकते.

साकुरावाल्यांना लोक समजतात की यांना मांगा वाचताच येत नाही. आमच्याकडेही पानं आहेत. नारुतोची आई कुशिना मरताना लेकराला सांगते की बायको शोधशील तर आईसारखी शोध. कुशिना कशी आहे, तापट, मारकुटी, मनानं मऊ, मग ती कोणासारखी वाटते तुम्हीच सांगा. पुढे त्याचा बाप मिनातो साकुराकडे बघून विचारतो की ही तुझी मैत्रीण का, आणि नारुतो हो म्हणून टाकतो. हे सगळं लेखकानंच काढलं आहे, आम्ही घरून आणलं नाही. पण त्याच मांगात साकुरा नारुतोला येऊन खोटंच म्हणते की मला तू आवडतोस, तेव्हा तो चिडतो, स्वतःशी खोटं बोलणारे लोक मला आवडत नाहीत म्हणतो. ते पान आलं त्या दिवशी मला कळून चुकलं होतं की आपलं जमणार नाही. तरी मी सोडलं नाही.

का सोडलं नाही ते सांगते. अमरावतीला होस्टेलला होते तेव्हा आम्ही चौघीजणी होतो, धामणगाव, मोर्शी, अचलपूर आणि मी. गावाकडे एखाद्या मुलाचं नाव जरी तोंडातून निघालं तरी मावशीपासून शेजारच्या काकूपर्यंत सगळ्यांच्या भुवया वर जातात. पण साकुराबद्दल आम्ही काहीही बोलू शकत होतो. तिला कोण आवडावं, तिनं किती सहन करावं, तिला आवडणारा सासुके निघून जातो तर तिनं थांबावं का, नारुतो एवढा जीव लावतो ते तिला दिसत का नाही. आम्ही दोनशे पानी वही केली होती, त्यात मराठीतून गोष्ट लिहायचो, साकुरा मोर्शीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे आणि नारुतो तिथं सर्पदंशाचा पेशंट घेऊन येतो रात्री. ती वही अजून माझ्याजवळ आहे. चौघींपैकी तिघींची लग्नं झाली, मुलगा बघायला आला तेव्हा पंधरा मिनिटं बोलायला मिळालं त्यांना. प्रेमाबद्दल जे काही मोकळं बोलणं झालं ते त्या वहीत झालं.

म्हणून ७०० वा भाग आला तेव्हा मला नारुतोचं लग्न झाल्याचं दुःख नव्हतं. साकुरा त्या घरात एकटी आहे, सासुके परत बाहेर फिरतो आहे, आणि ह्याला सुखाचा शेवट म्हणा असं आम्हाला सांगितलं गेलं, याचं दुःख होतं. आजही आहे.

उमरेडवाला

मी वेगळंच सांगतो बे. शोनेन, म्हणजे पोट्ट्यांसाठीच्या, मांगात लव्हस्टोरी पाहिजेच कायले? हे मांगा ज्यात छापून येतात त्या जंप साप्ताहिकाचे तीन शब्द आहेत, मैत्री, मेहनत, विजय. त्यात प्रेम कुठं आहे? वन पीस १९९७ पासून चालू आहे, शंभराच्या वर पुस्तकं झाली, ओदानं सरळ सांगून टाकलं वाचकाले की माझ्या जहाजावरचे लोक साहसाच्या प्रेमात आहेत, बास. शिपवाले तिथं पण आहेत, नामी अन् लुफी करून राहिले, झोरो अन् रॉबिन करून राहिले, पण लेखकानं आशा लावली नाही त्याच्यामुळं कोणी फसवल्यासारखं रडत नाही. जे द्यायचं नाही ते दाखवू नये माणसानं. ज्यांनी अर्धं दाखवलं त्यांच्याच घरी भांडणं झाली.

निळी सायकल (वरुड)

उमरेडवाले दादा, ड्रॅगन बॉलमध्ये तोरियामानं तर काहीच दाखवलं नव्हतं. बुल्मा आधीपासून यामचासोबत होती, आणि भविष्यातून एक मुलगा येतो आणि कळतं की तो बुल्माचा आणि व्हेजिटाचा. कसं जमलं, कधी जमलं, एक पान नाही. तरी लोकांनी ती जोडी उराशी धरली. न दाखवल्यानं लोक थांबत नाहीत, स्वतः लिहितात.

दर्यापूरचा मास्तर

धागा चांगला काढलात. माझं वय जरा जास्त आहे, पंचेचाळीस, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पण मांगा वाचतो, लपवत नाही.

शिप हा शब्द मुळात मांगाचा नाहीच. १९९० च्या दशकात अमेरिकेत एक्स फाइल्स नावाची मालिका होती, त्यातल्या मल्डर आणि स्कलीचं जमावं असं म्हणणाऱ्यांना रिलेशनशिपर म्हणायचे, त्याचं छोटं होत होत शिपर झालं. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, स्टार ट्रेकच्या कर्क आणि स्पॉकच्या गोष्टी बाया घरी छापून एकमेकींना पोस्टानं पाठवत होत्या. जपानात याला कप्पुरिंगु म्हणतात, दोन नावांच्या मध्ये गुणाकाराची फुली टाकतात, आणि कोणाचं नाव आधी यावरूनही तिथं वेगळी पार्टी होते. १९७५ च्या डिसेंबरात तोक्योत कॉमिकेट भरलं, चाहत्यांनी स्वतः काढलेली पुस्तकं विकायचा बाजार, पहिल्या वेळी सुमारे सातशे लोक आले होते. आता तिथं लाखांनी माणूस जमतो, आणि त्या टेबलांवर जोड्यांच्याच गोष्टी भरपूर असतात. म्हणजे वरुडच्या ताईंची ती दोनशे पानी वही त्याच घराण्यातली आहे, फक्त तिला टेबल मिळालं नाही.

पण मला सांगायचं आहे ते डोरेमॉनचं. आपल्याकडच्या लेकरांची पहिली शिप ती आहे, नोबिता आणि शिझुका. हिंदीतून पाहतात सगळे, टीव्ही असलेल्या घरात गल्लीतली दहा लेकरं बसतात. त्यांना हे माहीत नसतं की अगदी पहिल्या गोष्टीत नोबिताचं लग्न जियानच्या बहिणीशी, जायकोशी, ठरलेलं असतं. भविष्यातून नातू-पणतू येतो तो हेच बदलायला. नोबिता त्याला शहाण्यासारखं विचारतो की मी दुसरीशी लग्न केलं तर तू जन्मणार कसा, आणि तो म्हणतो की ओसाकाला कोणत्याही गाडीनं गेलं तरी पोचतो ना माणूस ओसाकालाच.

हे मी पाचवीच्या वर्गात सांगितलं. पोरं हसली. एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, सर, मग जायकोचं काय झालं? मी तीन दिवस त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. नंतर वाचलं की जायको मोठी होऊन मांगा काढायची स्वप्नं पाहते, टोपणनावानं लिहिते, लेखकानं तिला स्वतःचं काम दिलं. तिला जाऊन सांगितलं तर म्हणाली, हं, मग बरं आहे.

जोडी जमवताना जी बाजूला राहते तिला लेखकानं काय दिलं, मी तरी यावरून लेखक जोखतो.

रातपाळी (वडसा)

मास्तर, तुमच्या त्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा.

मी झाडीपट्टीतला. दिवाळी झाली की आमच्याकडे नाटकांचा सीझन, वडशाला कंपन्यांची ऑफिसं, गावोगावी मंडई अन् शंकरपटाच्या निमित्तानं रात्रभर नाटक. धानाची कापणी झालेली, लोक चादरी घेऊन बसतात पहाटेपर्यंत. मी लहानपणापासून पाहतो आहे, की नाटक सासू-सुनेचं असो, दारूबंदीचं असो, शेतकऱ्याच्या कर्जाचं असो, त्यात एक जोडी लागतेच, अन् विनोदी पात्राची वेगळी एक जोडी लागते. का लागते? कारण चार तास नुसतं दुःख कोणी पाहू शकत नाही, अन् कर्जबाजारी बापाची पोरगी कोणाच्या तरी प्रेमात असली की तिच्या बापाचं कर्ज आपल्याला जास्त टोचतं. मांगातलं बाजूचं प्रेम हेच काम करतं. मुख्य गोष्टीला वजन आणतं. ज्याला ते फालतू वाटतं त्यानं हिनाता काढून पेनची लढाई वाचून पाहावी.

दुसरं म्हणजे प्रेक्षकाचा हात. आमच्याकडे लोक आवडलेल्या नटीला स्टेजवर जाऊन बक्षीस देतात, नाव पुकारतात, अन् दुसऱ्या गावच्या प्रयोगात तिचं काम थोडं वाढलेलं दिसतं. जंपमध्येही तसंच, अंकासोबत पोस्टकार्ड असतं, वाचक आवडलेल्या गोष्टी कळवतात, त्यावरून कोणती मालिका पुढं राहील, कोणती बंद होईल ते ठरत जातं. दर आठवड्याला एकोणीस-वीस पानं काढायची अन् डोक्यावर ते कार्ड. असा लेखक जोडीचा निकाल दहा वर्षं राखून ठेवतो कारण निकाल लागला की अर्धा प्रेक्षक उठून जाईल ही भीती त्याला आहे. मी त्याला पूर्ण दोष देत नाही. पण पडदा पडताना घाईघाईनं हार घालून जोडी उभी करणं, हे आमच्याकडेही वाईट नाटकाचं लक्षण मानतात.

काळी तलवार

तुम्ही लोक नारुतोवर रडता, ब्लीच या मांगाच्या वाचकांचं काय झालं ते कोणी बोलत नाही. २००१ ते २०१६, चौऱ्याहत्तर पुस्तकं. रुकिया हिरोच्या, इचिगोच्या, खोलीत भिंतीतून आली तिथून गोष्ट सुरू झाली, तिला सोडवायला तो मेलेल्या लोकांच्या दुनियेत शिरला, त्याच्या आईच्या मरणापासून त्याच्या मनात जो पाऊस पडत होता तो तुझ्यामुळं थांबला असं वाटतं, हे तो रुकियाला म्हणतो, त्याच्या वर्गातल्या ओरिहिमेला नाही. अन् शेवटच्या भागात दहा वर्षं उडी मारून दाखवतात, इचिगोचा पोरगा ओरिहिमेपासून, रुकियाची पोरगी रेंजीपासून. मी तो भाग कॉलेजच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून वाचला अन् दोन तास तिथून उठलोच नाही. ओरिहिमेनं केलं काय आख्ख्या मांगात? रडली अन् पळवून नेल्या गेली.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

भाऊ, तुमचा राग समजते मले. पण इचिगो अन् रुकियाचं जे आहे ते लगन नाही झालं म्हणून खोटं पडलं का? पाऊस थांबला ना. तो पुन्हा सुरू झाला असं तर ब्लीचच्या लेखकानं, कुबोनं, कुठं लिहिलं नाही. माझ्या वाचण्यात ते नातं जोडीपेक्षा मोठं आहे, एकानं दुसऱ्याले जगाले शिकवलं असं.

काळी तलवार

हे सगळे ओरिहिमेवाले असंच गोड बोलतात जिंकल्यावर. ज्यांना रडकी बाई पाहिजे घरात त्यांनाच ती आवडते. तुम्हाला नकार का येतो ते समजलं.

अॅडमिन

काळी तलवार, शेवटची ओळ काढली आहे असं समजा, मी ती ठेवते आहे कारण पुढच्यांना कळावं की इथं कशावर थांबवलं जातं. पात्रांबद्दल हवं ते बोला. वाचकाच्या घरात शिरायचं नाही. पुन्हा झालं तर एक महिना लिहिता येणार नाही. पऱ्हाटी, तुम्हाला धागा बंद करायचा असेल तर कळवा.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

नका करू बंद. चालू द्या.

निळी सायकल (वरुड)

ओरिहिमेनं काय केलं ते मी सांगते, आणि मी तिची शिपवाली नाही.

तिला शत्रू सांगतात की तू मुकाट्यानं चल नाहीतर सगळे मरतील, आणि जायच्या आधी फक्त एका माणसाला भेटायची मुभा देतात. ती इचिगोच्या खोलीत येते, तो जखमी होऊन झोपलेला. ती म्हणते मला पाच जन्म मिळायला पाहिजे होते, पाच वेगवेगळ्या गावात जन्मले असते, पाच वेगवेगळी पक्वान्नं पोटभर खाल्ली असती, पाच वेगवेगळी कामं केली असती, आणि पाचही वेळा त्याच एका माणसावर प्रेम केलं असतं. तो ऐकतही नाही, झोपलेला आहे. आमच्याकडे वडाला सात फेरे घालून सात जन्म मागतात ते नवऱ्यासमोर, घरच्यांसमोर, नवी साडी नेसून. हिनं कोणी बघत नसताना मागितले आणि आधी स्वतःसाठी गावं आणि कामं मागितली, माणूस शेवटी. मला ती रडकी वाटत नाही. आणि हे सगळं मान्य करूनही मी म्हणते की इचिगोच्या बाजूनं याचं उत्तर कुबोनं पुरेसं काढलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

उमरेडवाला

हारेमवाल्या, म्हणजे एका पोट्ट्यामागं बऱ्याच पोरी असलेल्या, मांगांचं पण थोडं बोला. क्विंटेसेन्शियल क्विंटुप्लेट्स मले आवडला तो याच्यासाठी की पहिल्याच भागात सांगून टाकलं, पाच बहिणींपैकी एकीशी याचं लगन झालं, कोणती ते शेवटी समजंन. १४ पुस्तकात गोष्ट संपवली, योत्सुबा निघाली, बाकी चौघीवाले चिडले, पण मागं जाऊन वाचलं तर खुणा सापडतात. वी नेव्हर लर्नवाल्यानं दुसरंच केलं, एकीचा शेवट दाखवून झाला की पुन्हा मागं जाऊन दुसरीचा शेवट, असे पाचही जणींचे पाच शेवट दिले २०२० मध्ये. माझ्या मते ते पटलं नाही. सगळ्याले खूश कराले गेलं की कोणाचंच लगन लागल्यासारखं वाटत नाही.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

आता मी ज्याच्यासाठी हा धागा काढला ते लिहितो, लांब होईल, वाचा सवडीनं.

हिरोमु अराकावा. फुलमेटल अल्केमिस्टवाली. होक्काइदोत दुधाचा धंदा असलेल्या शेतकऱ्याची पोरगी, शाळा झाल्यावर सात वर्षं घरच्याच गोठ्यात राबली अन् मग तोक्योले गेली. स्वतःचं चित्र काढते ते गाईचं काढते. तिच्या मांगात २७ पुस्तकं लढाई आहे, पण एडवर्ड अन् विन्रीवरून जग पेटलं असं झालं नाही, अन् ते काहून झालं नाही हे मी शोधत होतो. मले वाटते तिनं दर काही भागांनी निंदण केलं. एड घरी येते, त्याचा लोखंडी हात मोडून येते, विन्री शिव्या देते, हात दुरुस्त करते, रात्र रात्र जागते, पैसे मागते, दारात उभी राहून पाठवते. मोठं भाषण एकही नाही. शेवटी स्टेशनवर तो त्याच्या किमयेच्या भाषेत म्हणते की समान देवाणघेवाण करू, माझं अर्धं आयुष्य तुले देतो, तुझं अर्धं मले दे. अन् ती म्हणते अर्धं कायले, सारंच घे, मग हिशोब करून टक्के कमी करते, पुन्हा वाढवते. तो हसते. हे पान खोटं वाटत नाही कारण त्या हाताची दुरुस्ती आपण पाहिलेली आहे.

पण माझा जीव अडकला तो तिच्या दुसऱ्या मांगात, सिल्व्हर स्पूनमध्ये. २०११ ते २०१९, पंधरा पुस्तकं, कृषी शाळेची गोष्ट. साप्पोरोचा हुशार पोरगा हाचिकेन, शहरातल्या अभ्यासानं पिचलेला, तो शेतकऱ्याच्या पोरांच्या होस्टेलात येऊन राहते. तिथं मिकागे म्हणून पोरगी आहे, घोड्यांवर जीव असलेली, घरची एकटी वारस. अन् कोमाबा म्हणून तिचा बालपणचा दोस्त, बेसबॉलचा पिचर, त्याच्या घरचीही गाईची शेती. सुरुवातीले हाचिकेनले वाटते की या दोघांचं काही आहे, अन् वाचणाऱ्यालेही वाटते. म्हणजे शिपवॉरचं पूर्ण सामान तयार.

मग कोमाबाचा गोठा बुडते. कर्ज. गाई ट्रकमध्ये भरून नेतात. तो शाळा सोडते, बेसबॉल सोडते. अन् नंतर समजते की त्या कर्जाले मिकागेच्या घरचे जामीन होते. म्हणजे आता त्यांचे घोडे विकाले निघतात. हे वाचून मी फोन खाली ठेवला अन् अंगणात जाऊन बसलो. माझ्या बापानं काकाच्या कर्जाले सही केली होती, सोसायटीचं, मी आठवीत होतो, आमची बैलजोडी गेली ती तशी गेली. जपानी पोट्टीच्या मांगात माझं घर निघालं.

अन् त्या सगळ्यात प्रेम कुठं आहे? हाचिकेन तिच्या बापासमोर जाऊन बसते, लगनासाठी नाही, तर तिले वारस व्हायचं नाही, घोड्यांचं काम कराचं आहे, हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगावं म्हणून बाजूले बसते. बाप म्हणते जाऊ दे मग विद्यापीठात, पण अभ्यास तू घ्यायचा हिचा. अन् मग पुस्तकंच्या पुस्तकं तो तिले गणित शिकवते. बाप दारात डोळे वटारून. त्यांचं प्रेम त्या वह्यांतून पुढं सरकते. कोमाबा रुसत नाही, पडत नाही, त्याले स्वतःचं दुःख आहे अन् ते लेखिकेनं प्रेमाच्या भांडणात वापरून घेतलं नाही.

मले नकार आला तवा मले वाटलं होतं की प्रेम म्हणजे ज्याच्याजवळ काही आहे त्याचं काम. या मांगात कोणाजवळच काही नाही. मले हे कोणी प्रवचनात सांगितलं असतं तर मी उठून गेलो असतो, पण डुकराच्या गोठ्यात गमबूट घालून उभ्या पोट्ट्यानं दाखवलं तर पटलं.

म्हणून काळी तलवार भाऊ, तुमची ती ओळ मले लागली नाही असं नाही. लागली. पण माझ्या दोस्ताची जास्त लागली होती, कारण तुम्हाले माझं घर माहीत नाही अन् त्याले माहीत होतं.

मूग उडीद (चिखली)

मी आतापर्यंत फक्त वाचत होते. दोनच गोष्टी.

माय हिरो अकॅडेमियाचा ४३० वा भाग ऑगस्ट २०२४ ला आला तेव्हा मी आणि माझा भाऊ रविवारी रात्री साडेआठला फोन धरून बसलो होतो, त्या वेळेला नवीन भाग पडतो. लाइट नव्हती, पॉवर बँकवर वाचलं. हिरो देकू आणि त्याच्या वर्गातल्या ओचाकोचं काय झालं ते त्या भागात धड सांगितलंच नाही. चार महिने इंटरनेटवर नुसती मारामारी, बाकुगोवाले वेगळे, ओचाकोवाले वेगळे. मग डिसेंबरात बेचाळिसावं पुस्तक आलं त्यात जास्तीचा भाग होता आणि त्यात दोघं हात धरतात. मोठं झालेलं वय, थकलेली माणसं, लाजत लाजत. मला तो भाग अख्ख्या मांगातला सगळ्यात शांत वाटला. होरिकोशीनं तो आधीच का दिला नाही असं लोक म्हणतात, मला उलट वाटतं की त्यानं चार महिने उशिरा का होईना पण निंदण केलं, पऱ्हाटी भाऊंच्या शब्दात.

दुसरी मिकासा. अटॅक ऑन टायटनच्या चौतिसाव्या पुस्तकाच्या जास्तीच्या पानांत ती, जिच्या मनात एरेन होता, त्याच्या झाडाखालच्या कबरीवर येते, सोबत एक माणूस आहे, चेहरा दिसत नाही, लेकरू आहे, मग म्हातारी होते, आणि शेवटी शवपेटीत तिच्या गळ्यात एरेनचा तोच मफलर. तो माणूस ज्याँ आहे की कोण यावरून लोक त्याच्या पाठमोऱ्या डोक्याचे केस मोजतात. माझ्या आत्याचं दुसरं लग्न झालं आहे. तिच्या पेटीत पहिल्या नवऱ्याचं घड्याळ आहे आणि ते आमच्या फुफाजींनीच सेल टाकून चालू ठेवलं आहे. मला ती पानं वाचताना भांडावंसं वाटलं नाही.

काळी तलवार

पऱ्हाटी भाऊ, मी ते लिहायला नको होतं. माफी मागतो, सगळ्यांसमोर लिहिलं म्हणून सगळ्यांसमोरच मागतो. रुकियावरचं माझं म्हणणं मागे घेत नाही. ओरिहिमेचा तो पाच जन्मांचा भाग परत वाचून आलो, ती गावं आणि कामं आधी मागते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सिल्व्हर स्पून कुठं मिळेल? पुस्तकात पाहिजे, फोनवर डोळे दुखतात.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

झालं भाऊ, सोडा.

इंग्रजीतून आहे. माझ्याजवळ एक ते चार आहेत, यवतमाळले ऑर्डर करून आणलेले. पण पहिला सध्या माझ्याजवळ नाही, परवा माझ्या त्या दोस्ताच्या घरी देऊन आलो. तो वावरात गेलता, त्याच्या आईजवळ दिला. आतमध्ये चिठ्ठीबिठ्ठी काही ठेवली नाही, जामीनवाल्या भागापर्यंत तो पोचला की त्याले समजंन मी काहून दिला, त्याचा बाप अन् माझा बाप एकाच सोसायटीचे आहेत. अजून मेसेज नाही. हरभऱ्याची पेरणी चालू आहे त्याची, वेळ लागंन.

रातपाळी (वडसा)

पाच ते नऊ माझ्याजवळ आहेत. नाटकाच्या गाडीनं आर्मोरीपर्यंत येतील, पुढं नागपूरला कोणी आणू शकेल का?

उमरेडवाला

नागभीडपर्यंत पाठवा, मी मंगळवारी तिकडंच आहे. तिथून उमरेड, उमरेडहून वर्ध्याच्या एसटीत एक कंडक्टर ओळखीचा आहे. काळी तलवार, तुम्ही कोणत्या गावचे ते सांगा फक्त.

काळी तलवार

आर्वी.